पोस्टकार्डांसाठी फोर्टातली डिजिटल छपाई: नव्या चित्रकारांनी काय बघावं

संपादकांना आपल्या कामाचा नमुना म्हणून पाठवायला पहिली शंभरेक पोस्टकार्डं छापायची असतील तर ऑफसेटच्या, म्हणजे धातूच्या प्लेटा करून होणाऱ्या छपाईच्या वाटेला जाऊ नये, प्लेटांचाच खर्च अंगावर येतो. मुंबईत फोर्टातल्या किंवा लोअर परळच्या गाळ्यांमधल्या डिजिटल प्रेसवर एवढं काम सहज होतं, आणि 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम) वजनाच्या गुळगुळीत आर्ट कार्डवर ए-6 आकाराचं चित्र खरोखर देखणं उतरतं. मात्र फाईल घरूनच पक्की करून न्यायला हवी. काउंटरवरचा ऑपरेटर रांग उपसत असतो. तुमच्या चित्रातला निळा जांभळा का झाला, हे शोधत बसायला त्याला सवड नसते.

आधी शीटचा हिशेब. ए-6 म्हणजे 105 बाय 148 मिमी. चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरलं की 111 बाय 154, आणि 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 1311 बाय 1819 पिक्सेल. 13 बाय 19 इंची शीटवर अशी आठ कार्डं बसतात. 12 बाय 18 वर बसत नाहीत, कारण दोन कार्डांच्या लांबीला 308 मिमी लागतात आणि शीट असतं 305 मिमी रुंद. म्हणून मशीनवर कोणतं शीट चालतं ते आधी विचारावं. चार चित्रं प्रत्येकी दोनदा लावली तर 12 शीटांत चार-चार कार्डांचे 24 संच निघतात. सुरुवातीला एवढे पुरेत.

सगळ्यात जास्त निराशा होते ती रंगांमध्ये. टॅबलेटच्या पडद्यावर झळाळणारा पोपटी किंवा राणी रंग चार शाईंच्या छपाईत मिळतच नाही, मशीन कितीही महागडं असो. फाईल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, करून बघितल्यावर जो रंग मळका दिसतो, तो चित्रातच बदलावा. गडद निळ्यात सायन (निळी शाई) 100 टक्के असेल तर मॅजेंटा (गुलाबी शाई) 60 च्या आसपास ठेवावा. दोन्ही सारखे झाले की जांभळाच येणार. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवावीत, चार शाईंत केली की कडांना रंगीत सावली दिसते. आणि बाराही शीटं सोडण्याआधी एक शीट काढून दिवसाच्या उजेडात बघावं. ट्यूबलाइटखाली त्वचेच्या छटांचा अंदाज हमखास चुकतो.

मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीची पातळ फिल्म, पुढच्या बाजूला घ्यावंच. टोनर, म्हणजे डिजिटल मशीनची शाई, कागदाच्या वर बसतो, आत मुरत नाही, त्यामुळे कडेला तो खरवडला जातो. मागच्या बाजूला फिल्म लावली नाही तर पेनाने दोन ओळी लिहिता येतात. एकाच बाजूला फिल्म असल्याने पावसाळ्यात कार्ड वळतं, तेव्हा गठ्ठा जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावा. खरबरीत, हातकागदासारखा कागद मोह पाडतो, पण त्याच्या खळग्यांत टोनर नीट बसत नाही.

डिजिटलचं खरं वैगुण्य कटिंग आणि पुढची-मागची बाजू जुळवण्यात आहे. मागची-पुढची बाजू एक-दीड मिमी सरकते. चित्राभोवती बारीक चौकट काढली असेल तर ती वाकडी दिसणारच. चौकट टाळावी आणि अक्षरं कडेपासून 5 मिमी आत ठेवावीत.

मागे नाव, फोन, ईमेल आणि कामाचं क्षेत्र एका ओळीत: ‘लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं’. नुसतं ‘आर्टिस्ट’ लिहून संपादकाला काही कळत नाही. क्यूआर कोड किमान 2 सेंमीचा, पांढऱ्यावर काळा, स्वतःच्या साइटकडे नेणारा असावा. फुकट मिळणारे काही डायनॅमिक कोड, म्हणजे दुसऱ्याच्या सेवेमार्फत साइटकडे नेणारे, मुदत संपली की बंद पडतात. कार्ड मात्र समोरच्याच्या खणात वर्षानुवर्षं राहतं.

ए-6 साठी सी-6 पाकीट, म्हणजे 114 बाय 162 मिमी. अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारात ती गठ्ठ्याने मिळतात. मराठीत काम हवं असेल तर दिवाळी अंकांच्या संपादकांना संच पावसाळा सुरू होताच पोचावेत, सप्टेंबरात फार उशीर झालेला असतो. बालभारतीच्या ‘किशोर’सारख्या मासिकाला बारा महिने चित्रं लागतात. तिथे पाठवायच्या संचात निदान एका कार्डावर मुलं काहीतरी करताना दिसावीत: भांडताना, झाडावर चढताना, लोकलच्या खिडकीशी. नुसत्या सुंदर चेहऱ्यावरून गोष्ट रंगवता येते की नाही, हे संपादकाला ठरवता येत नाही.