२०२४चे अल्बम, वर्षभर ऐकल्यानंतर: तबल्याला कोण आहे ते सांगा

यादीतले सगळे अल्बम २०२४ साली निघालेले नाहीत, हे आधीच सांगते. मी ते त्या वर्षात पैसे मोजून ऐकले आणि पुन्हा पुन्हा ऐकले, एवढाच निकष. नवीन अल्बम आला की चार दिवसांत निकाल लावणारं लिखाण भरपूर वाचायला मिळतं. इथे देवगडात आंब्याचा सिझन, पाऊस आणि गणपती हे तिन्ही पार करून जे कानात टिकलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. आणि जे टिकलं नाही त्याबद्दलही.

लिहायला बसले ती मात्र एका भिजलेल्या पुस्तिकेच्या रागाने.

'शक्ती' या फ्यूजन बॅंडच्या 'धिस मोमेंट'ला ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी मिळालं. अल्बम जून २०२३चा, ॲपवर होताच. तरी आंब्याचे पैसे हातात आल्यावर मी त्याची सीडी मागवली, दोन हजारांच्या घरात पडली. माझ्यासारखी बाई, जी पेटीमागे पाच रुपयांसाठी दलालाशी भांडते, ती ॲपवर असलेलं संगीत पुन्हा विकत का घेते? पुस्तिकेसाठी. कुठल्या रचनेत कंजिरा (दक्षिणेतली छोटी डफली), कुठे घटम (मातीचा घडा), कुणी कुठे काय वाजवलंय, हे मला छापलेलं वाचायचं होतं. मी वाडीच्या महिला भजन मंडळात तबला वाजवते. गाणं ऐकताना माझा कान आधी तिकडेच जातो.

कुरियरवाला आमच्या वाडीपर्यंत येत नाही, तिठ्यावरच्या दुकानात पार्सल टाकून जातो. जुलैचा पाऊस, पार्सल पागोळ्यांखाली. डिस्क ठणठणीत निघाली. पुस्तिकेचा लगदा. पानापानात टिपकागद घालून पंख्याखाली ठेवली, तर एका पानावरचा फोटो सुटून समोरच्या मजकुरावर चिकटला. नेमकी वादकांची नावं असावीत त्या जागी आता कुणाच्या तरी कुडत्याची बाही आहे.

विक्रेत्याच्या ग्राहक सेवेत बाई होत्या. "मॅडम, डिस्क चालते का?" चालते. "मग प्रॉडक्ट डॅमेज नाही." मी फोटो पाठवले, पुन्हा पाठवले, पुस्तिका हा वस्तूचाच भाग आहे हे समजावलं. शेवटी पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. मी ते घेतलं नाही. ज्यांना पुस्तिका म्हणजे पॅकिंग वाटतं, त्यांच्याकडून पुढची खरेदी कशाला करायची?

आता संगीताकडे. फोनवर ऐकताना 'धिस मोमेंट' मला फार घासूनपुसून ठेवलेला वाटला होता. 'शक्ती'चा आधीचा स्टुडिओ अल्बम १९७७चा. एवढ्या वर्षांनी मंडळी एकत्र येतात तेव्हा थोडी धूळ उडायला हवी, अशी माझी अपेक्षा होती. पावसात लाईट गेल्यावर हेडफोन लावून सीडी ऐकायला लागले (जुना पोर्टेबल प्लेअर सेलवर चालतो) आणि मत हलत गेलं. झाकीर हुसेन यांचा तबला आणि व्ही. सेल्वागणेश यांचा कंजिरा एकमेकांना जागा कशी देतात ते ऐका. एकाचा बोल संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू होतो, तरी गर्दी होत नाही. सेल्वागणेश म्हणजे मूळ 'शक्ती'तल्या घटमवादक विक्कू विनायकराम यांचे चिरंजीव. 'श्रीनीज ड्रीम' ही २०१४ साली गेलेल्या मॅंडोलिनच्या यू. श्रीनिवास यांची आठवण आहे, आणि ती रडकी न करता द्रुत, खेळती ठेवलीय, हे मला फार आवडलं. शंकर महादेवन यांचा आवाज इथे गायकासारखा पुढे न येता वाद्यांच्या पंगतीत बसतो. 'लास पाल्मास'मधला स्पॅनिश टाळ्यांचा ठेका मात्र आजही मला उपरा वाटतो. त्यात मन रमत नाही.

तर 'धिस मोमेंट' आवडत्यांत आला, पण पहिल्या नंबरावर नाही.

पहिला नंबर 'ॲज वी स्पीक'चा. हाही २०२३चा, आणि त्याच रात्री ग्रॅमी मिळालेला. बेला फ्लेक यांचा बॅंजो, एडगर मायर यांचा डबल बेस, झाकीरभाईंचा तबला, राकेश चौरसियांची बासरी. एप्रिलमध्ये बागेतल्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, पेट्या भरताना मी तो छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावायचे आणि मला तो बॅंजो-बासरीचा अल्बम वाटायचा. कारण त्या स्पीकरला खर्ज नाही. हेडफोनवर कळलं की खालच्या मजल्यावर वेगळंच घर आहे. मायर यांचा बेसवरचा गज आणि झाकीरभाईंचा बायां, म्हणजे डग्गा, एकाच उंचीवर बोलतात. तळहाताच्या मुळाने बायां दाबत नेला की आवाज वर चढतो, ती घिस्स, आणि तिच्याच खाली गजाने ओढलेला स्वर. तो तबल्याला धरून सरकतो, कुठेही चाचपडत नाही. बॅंजोची तार वाजून लगेच मरते, चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, 'ना'ही तसाच कोरडा, त्यामुळे ती दोघं वरच्या मजल्यावर भावंडांसारखी बोलतात. त्यातली 'पश्तो' ही रचना ऐकून अल्बम विकत घेणाऱ्यांनी तिथे थांबू नये, बाकीच्या संथ रचना जास्त मुरलेल्या आहेत.

आणि कव्हरवर चार नावं. चौघांची. 'अमुक आणि साथीदार' असं नाही.

हा मुद्दा मी का धरून बसलेय ते सांगते. आमच्याकडे डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचा, फ्लेक्स लागतो. तिठ्यावर, एसटी स्टॅंडच्या भिंतीवर, देवळाच्या कमानीला. त्यावर दोन्ही बुवांचे फोटो असतात, त्यांच्या गुरूंची नावं असतात, आणि खाली पखवाज कोण, तबला कोण, झांज कोण, हे छापलेलं असतं. पखवाजी चुकीचा छापला तर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी भांडण होतं आणि ते व्हायलाच हवं. लोक बारीला निघताना विचारतात, "पखवाजाक कोण आसा?" वर्गणी काढून फ्लेक्स छापणाऱ्या मंडळाला जे जमतं, ते त्या वर्षी महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये घेणाऱ्या ॲपला जमत नाही?

म्हणूनच वर्षातली सगळ्यात मोठी निराशा एखादा कलाकार नाही, एक प्रकारचा अल्बम आहे. ९ जानेवारीला गायक राशीद खाँ गेले, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. १३ जानेवारीला गायिका प्रभाताई अत्रे गेल्या. त्यानंतर मी वापरते त्या ॲपवर दोघांच्याही श्रद्धांजलीचे संग्रह समोर यायला लागले. मी हावऱ्यासारखे ते डाऊनलोड केले, कारण आमच्याकडे रेंज फक्त माडाच्या बाजूच्या खिडकीत मिळते आणि पावसात तीही जाते. प्रभाताईंचा मारुबिहाग राग लावला. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, रंगात आला असताना मध्येच आवाज बारीक होत गेला आणि संपला. कुणीतरी कापला होता. द्रुत, म्हणजे जलद भाग, वेगळा तुकडा म्हणून ठेवलेला, त्यात आणि विलंबितात रिकामी फट. आणि ॲप आपणहून क्रम उलटापालटा करून वाजवतं, त्यामुळे एकदा कलावती रागाचा द्रुत आधी आणि बाकीचं नंतर. किराणा घराण्याची गायकी ज्या सावकाशीसाठी ऐकायची, तिचे असे वाटे घालायचे?

तबल्याला कोण? नाही. हार्मोनियमला कोण? नाही. कुठल्या वर्षीचं, मैफिलीतलं की स्टुडिओतलं? नाही. प्रकाशकाचं नाव, हक्कांची ओळ आणि संग्रह करणाऱ्याने लावलेलं गुळगुळीत चित्र तेवढं आहे. राशीद खाँच्या संग्रहातही तेच. विलंबितात ठेका धरून बसणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्याला माहीत. बारा मात्रा, प्रत्येक मात्रेत एवढं अंतर की माणूस हरवेल, आणि गाणारा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येईल तेव्हा तुम्ही तिथे असायलाच हवं. अर्धा तास ते काम करणारा माणूस नावाशिवाय राहतो. तबलजीला मंचावर बरोबरीची जागा मिळावी म्हणून अल्लारखाँ आणि झाकीरभाई या बापलेकांनी किती केलं! त्याच ॲपवर त्याच वर्षी ही तऱ्हा.

मी तक्रार लिहिली. आपोआप उत्तर आलं, मग काही नाही.

यावर कुणी म्हणेल की ॲपवर माहिती मावत नाही. मावते. एप्रिलमध्ये आलेल्या इम्तियाज अलींच्या 'अमर सिंग चमकिला' या चित्रपटाचं ए. आर. रहमान यांचं संगीत घ्या. रहमान तर कॅसेटच्या काळापासून वादकांची नावं कार्डावर छापत आलेत, त्यांना कधी जागा कमी पडली नाही. अल्बमबद्दल म्हणाल तर 'बाजा'ने मांगरातला सिझन काढला. बागेची राखण करणारा नेपाळी दादा गवत अंथरता अंथरता रोज तेच लावायला सांगायचा. भाषा त्याचीही नाही, माझीही नाही. गणपती येईपर्यंत मला त्यातलं फक्त 'विदा करो' उरलं. ते उरेलच असं वाटतं.

आता न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन' (पाऊस नव्हे, Reign म्हणजे राज्य). मे अखेरीला आला. त्या उकाड्यात, शेवटच्या पेट्या रवाना करताना, मला तो अजिबात मानवला नाही. 'रात की रानी'मध्ये आवाजावर यंत्राचा मुलामा चढवलाय, तो ऐकून तर चिडले. एवढा नैसर्गिक गळा, त्याला हे कशाला? आषाढात दुपारीच अंधारून आल्यावर पुन्हा लावला. कौलांवर पाऊस असताना तानपुरा ऐकूच येत नाही, हा आमच्याकडचा कायमचा त्रास. पण या अल्बममधली हार्प आणि अरूजचा खालच्या पट्टीतला आवाज पावसाच्या आवाजातून वाट काढत येतात. 'ना गुल' आणि 'साकी' या दोन रचनांचे शब्द महलका बाई चंदाचे आहेत, अठराव्या शतकात हैदराबादेत वाढलेली दखनी कवयित्री. आपल्या शेजारच्या मुलखातली बाई न्यूयॉर्कमार्गे देवगडात पोचली याचा मला खरोखर आनंद झाला. तिचं नाव मला ॲपवर दिसलं नाही, दुसरीकडे वाचावं लागलं. यंत्राच्या मुलाम्याबद्दल मत तसंच आहे, पण बाकी अल्बम आवडत्यांत तिसरा.

अनुष्का शंकरचा 'चॅप्टर टू' एप्रिलमधला. वादन सुंदर, पण अर्धा तासही पुरत नाही. सतार सुरात येऊन बसते न बसते तोच संपतो. असे तीन भाग मिळून एक अल्बम काढला असता तर मी आनंदाने पूर्ण किंमत दिली असती. आणि २०२५च्या ग्रॅमीत याच्यावर मात करणारा 'त्रिवेणी' ऐकला, त्यात बासरी आणि चेलो गोड आहेत, मंत्रांची धार मात्र गोडव्यात बुडाली. आमच्या देवळातले भटजी रुद्र म्हणतात त्यातला दम मला तिथे सापडला नाही. पुन्हा लावला नाही.

१५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. त्या आठवड्यात आमच्या मंडळाची तालीम झाली नाही, कुणाचंच मन लागेना. नंतर मी दोन्ही अल्बम पुन्हा लावले, कारण दुःखाने कान बदलला का ते मला पाहायचं होतं. क्रम बदलला नाही. 'ॲज वी स्पीक' वर, 'धिस मोमेंट' त्याखाली. त्यांच्या जाण्याने माझ्या यादीत त्यांना फुकटचा नंबर द्यावा असं मला वाटत नाही, त्यांना त्याची गरज नाही. एक मात्र जाणवलं. दोन्हींत ते पुढे यायची घाई करत नाहीत. राकेशजींची बासरी लांब श्वास घेते तेव्हा तबला नुसता ठेका धरून मागे थांबतो. जगभर नाव झालेला माणूस साथ करतोय, आणि मनापासून करतोय.

पैशांचा हिशेब असा. ॲपचं वर्षाचं नूतनीकरण या महिन्यात आहे, ते मी करणार नाही. कापलेल्या विलंबितासाठी एवढे पैसे द्यायचे नाहीत. नवीन अल्बम जाहिरातींसकट फुकट ऐकेन, आवडला तर सीडी घेईन. 'ॲज वी स्पीक'ची सीडी मुंबईत मावसभावाच्या पत्त्यावर मागवलीय, तो शिमग्याला येताना घेऊन येईल.

घरी बाबांच्या कॅसेटींचे दोन खोके आहेत. निम्म्या टेपांना पांढरी बुरशी धरलीय, त्या लावल्या तर हेड खराब होईल. पण कार्डं शाबूत आहेत आणि त्यांवर साथीदारांची नावं आहेत. मोहोराच्या फवारणीतून वेळ मिळेल तशी मी ती वहीत उतरवून घेतेय, राग, साल, तबला, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा. प्रभाताईंच्या मारुबिहाग-कलावतीचं कार्ड त्यात नाही, नुसती डबी आहे. तुमच्यापैकी कुणाकडे ते असेल तर दोन्ही साथीदारांची नावं, जशी छापलीत तशी, मला लिहून कळवा.