छेद छोटा, ऑपरेशन छोटं नाही (आईचा मायट्रल व्हॉल्व्ह)

आईच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या बाजूची झडप) बदलून तीन महिने झाले, आता लिहितेय, तेव्हाच लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता.

सर्जन आणि आयसीयूच्या नर्सेसना 5 पैकी 5. छातीचं मधलं हाड न कापता उजवीकडे बरगड्यांच्या फटीतून काम केलं, व्रण जेमतेम 6-7 सेंटीमीटर. हाड कापलं असतं तर ते जुळेपर्यंत 6-8 आठवडे वजन उचलायचं नाही वगैरे, ते सगळं वाचलं.

मार्क कापतेय ते समजावण्याचे. काउन्सेलर बाई सारख्या "छोटंसं ऑपरेशन" म्हणत होत्या. अहो छोटा तो छेद, आत हार्ट थांबवलंच होतं की, हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन लावलंच होतं, उलट अरुंद जागेतून काम म्हणून मशीनवरचा वेळ बऱ्याचदा जास्तच जातो. आणि त्या मशीनच्या नळ्या जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून घालतात हे आम्हाला कळलं कधी, तर घरी आल्यावर जांघ सुजली आणि टाक्यांतून पाणी झिरपायला लागलं तेव्हा! लिम्फ (शरीरातला पाण्यासारखा द्रव) साचतं म्हणे तिथे, होतं असं. छातीचं दुखणं आई कधीच विसरली, जांघेचं ड्रेसिंग मात्र तीन आठवडे चाललं.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे, एट्रियल फिब्रिलेशन, आमची पाचावर धारण बसली आणि ज्युनियर डॉक्टर शांतपणे म्हणतात व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं, औषधाने ताळ्यावर येतं. आलंही. पण हेच वाक्य दोन दिवस आधी सांगायला काय झालं होतं?

स्ट्रोक, रक्तस्राव, पेसमेकर लागणं, मध्येच छाती पूर्ण उघडावी लागणं, हे सगळं फॉर्मवर होतं, तो आदल्या रात्री हातात दिला, "इथे सही करा". पोटाचा, पायाचा सीटी का काढला तेही मीच सर्जनना गाठून विचारलं, तर कळलं की धमनीत चुन्याचे थर असतील आणि जांघेतून उलट्या दिशेने रक्त ढकललं तर तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो, तसं दिसलं असतं तर त्यांनी हा मार्ग घेतलाच नसता. किती नीट सांगितलं त्यांनी, पण विचारल्यावर. म्हणून या भागाला 2.

टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला) आहे, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी काही महिनेच, तोवर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासत राहायचं. आणि दात काढायचा झाला तरी आधी अँटिबायोटिक, नाहीतर व्हॉल्व्हला इन्फेक्शन व्हायची भीती, हे मात्र डिस्चार्जच्या वेळी एका नर्सने दोनदा बजावलं आणि फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं, तिला वेगळे मार्क.