वहिनीच्या ३००० रुपयांतले १७७० : एका बँकेच्या बचत खात्याचा अनुभव

या खात्याला पाचपैकी एक तारा. तोही दुसऱ्या फेरीला भेटलेल्या एका मॅडमसाठी. बँक खासगी आहे, शाखा साताऱ्यात आहे. नाव लिहीत नाही, कारण असली विसरलेली खाती कितीतरी बायकांची कितीतरी बँकांत पडून आहेत, आणि मला त्यांच्यापर्यंत हे पोचवायचं आहे.

मी पोवई नाक्याजवळ एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिते. माहेर लिंबचं. १९ ऑगस्ट २०२४ ला राखीला घरी गेले, तर वहिनी गप्प गप्प. त्या आठवड्यात लाडकी बहीण योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३००० रुपये सगळीकडे जमा होत होते. आळीतल्या बायकांना मेसेज आले होते. वहिनीने स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "वन्सं, समद्यांचं आलं, माझंच कुठं गेलं?"

फॉर्मवर तिने जिल्हा बँकेचा खाते नंबर दिला होता. तिथे काहीच आलं नव्हतं. मी आधारच्या साइटवर तिचा नंबर टाकून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, पाहिलं, तर भलत्याच बँकेचं नाव. सरकारी पैसे फॉर्मवरच्या नंबरावर नाही, तर आधार ज्या बँकेला जोडलेलं असतं तिथे जातात, आणि एका वेळी ते एकाच बँकेला जोडलेलं असतं. २०१८ मध्ये वहिनी एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली, तेव्हा कंपनीने सगळ्यांची पगाराची खाती या बँकेत उघडली होती. आधार तेव्हाच जोडलं गेलं. लॉकडाऊनमध्ये काम सुटलं, ऑगस्ट २०२० मध्ये तिने शेवटचे पैसे काढले, आणि ते एटीएम कार्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली गेलं.

पगाराच्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही. पण पगार यायचा थांबला की काही महिन्यांनी बँक त्याचं साधं बचत खातं करते. वहिनीच्या खात्याला तिमाही सरासरी ५००० रुपये ठेवण्याची अट लागली. खात्यात होते ४१२. ही अट लागल्याचं तिला कुणी सांगितलं नाही. जुनं सिम कधीच बंद पडलं होतं, आणि घरी एक पत्रही आलं नाही.

बुधवारी आम्ही दोघी शाखेत गेलो. पासबुक छापून घेतलं. शेवटच्या पानावर वर ३००० जमा, आणि त्याच तारखेला खाली एकाखाली एक सहा ओळी, प्रत्येकी २९५ वजा. २५० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५. सहा वेळा २९५ म्हणजे १७७०. शिल्लक १२३०. वहिनीला वाचता येतं, पण बँकेतलं ते आखूड छापलेलं तिला उमगत नव्हतं. ती बोटाने एकेक ओळ दाबत मला विचारत होती, "हे कशाचं? आन् हे कशाचं?" सहाही वेळा उत्तर एकच होतं.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, खातं मायनसमध्ये होतं. सिस्टीम आपोआप कापते, आमच्या हातात काही नसतं." बोलण्यात उर्मटपणा नव्हता, पण मान वर करून बघितलंही नाही. "पुढच्या वेळी बॅलन्स ठेवा." ज्या बाईचा महिन्याचा हातखर्च १५०० वर येऊन ठेपलाय, तिने ५००० तसेच पडून ठेवायचे! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तिथे काही बोलले नाही. उतारा घेतला आणि घरी आले.

हिशेब माझा रोजचा. सहा ओळी कागदावर मांडल्या. पहिल्या दोन तिमाह्यांतच ४१२ चे शून्य झाले होते. पुढच्या सहा तिमाह्यांचा, म्हणजे एप्रिल २०२१ ते सप्टेंबर २०२२ चा दंड कुठेतरी थकबाकी म्हणून लिहून ठेवलेला, आणि पैसे येताच तो ओढून घेतला. रिझर्व्ह बँकेचं याबद्दलचं परिपत्रक २० नोव्हेंबर २०१४ चं आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात तीन गोष्टी स्वच्छ आहेत. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि भरपाईला एक महिना द्यायचा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडामुळे बचत खातं शून्याच्या खाली जाता कामा नये. म्हणजे काउंटरवर सांगितलेलं "खातं मायनसमध्ये होतं" हे कारणच उलटं होतं. तसं ते जायलाच नको होतं.

सहावी ओळ तर आणखी चुकीची होती. दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. वहिनीचं ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. निष्क्रिय खात्याला किमान शिल्लकेचा दंड लावायचा नाही, हा नियम २०१४ पासून आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांत तो पुन्हा आलाय. असं खातं परत चालू करायलाही पैसे घ्यायचे नाहीत. तरी जुलै ते सप्टेंबर २०२२ चे २९५ कापलेले.

एका पानाचा मराठी अर्ज केला. तारीख, रक्कम, वरचे नियम, आणि शेवटी एक वाक्य: या योजनेच्या रकमेतून बँकांनी जुनी येणी वळती करू नयेत अशा राज्य सरकारच्या सूचना आहेत, तरी १७७० रुपये परत जमा करावेत. दोन प्रती काढल्या. एक द्यायची, दुसरीवर सही-शिक्का घेऊन पोच घ्यायची. पोच नसेल तर आपण अर्ज दिला याला काही पुरावा राहत नाही.

दुसऱ्या फेरीला ज्या मॅडम भेटल्या, त्यांचं मनापासून कौतुक करते. त्यांनी वहिनीला खुर्ची दिली, अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "ताई, शेवटची नोंद तर लागायलाच नको होती. बाकीचं मी वर पाठवते." लगेच केवायसी करून घेतली, खातं चालू केलं, नवा मोबाइल नंबर टाकला, पोच दिली. कशाचेही पैसे लागले नाहीत. एवढं समजुतीने काम करणारं माणूस पहिल्या दिवशीच काउंटरवर असतं, तर वहिनीचा एक दिवसाचा रोज आणि दोघींचं येण्याजाण्याचं भाडं वाचलं असतं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ वर फोन करून माहिती मिळते, तक्रार ऑनलाइनही भरता येते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. २३ व्या दिवशी, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७७० परत जमा झाले, जीएसटीसकट.

दरम्यान वहिनीने पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडलं. त्याला मात्र चार तारे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या त्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, आणि पोस्टमन यंत्र घेऊन ओसरीवरच आला. कांदा खुरपून वहिनीच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या. तीनदा ठसा उमटेना. पोस्टमनने तिला हात कोमट पाण्याने धुवायला लावले, पदराने कोरडे करवले, मग मधलं बोट ठेवलं आणि चौथ्यांदा लागलं. यात बँकेचा काही दोष नाही, पण ठशाशिवाय पैसे काढायची सोय तिला लवकर शिकवायला हवी, म्हणून एक तारा राखून ठेवलाय. आधारही तिथेच जोडून घेतलं.

ज्यांना सरकारी बँकच हवी, त्यांच्यासाठी: स्टेट बँकेने बचत खात्याची किमान शिल्लकेची अट मार्च २०२० मध्येच काढली. कॅनरा बँकेने जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनल बँकेने जुलै २०२५ पासून दंड बंद केला. बाकी कुठल्याही बँकेत 'बेसिक' बचत खातं मागता येतं, त्याला शिल्लकेची अट नसते. काउंटरवर ते आपणहून कुणी सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं.

जुनं खातं आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद केलं. आधी आधार हलवलं, पुढचा हप्ता पोस्टात आल्याची खात्री केली, मगच. मॅडमनी कार्ड कात्रीने कापलं आणि उरलेले ३००० वहिनीच्या हातात दिले. तिने खिडकीशी उभं राहून ते दोनदा मोजले.