विद्युत आराखडा तपासनीस परीक्षेचा ऑनलाइन क्लास : आकडेमोड भक्कम, आराखड्यांचे वाचन अपुरे

इंटरनॅशनल कोड कौन्सिलची ‘इलेक्ट्रिकल प्लॅन्स एक्झामिनर’, म्हणजेच ई३ ही परीक्षा देण्यासाठी मी एका खासगी संस्थेचा ऑनलाइन क्लास लावला होता. अमेरिकेत इमारतीच्या परवानगीसाठी आलेले विद्युत आराखडे नॅशनल इलेक्ट्रिकल कोडशी, म्हणजे तिथल्या वीजजोडणीच्या नियमावलीशी, ताडून पाहणाऱ्यांसाठी ही परीक्षा असते. पुस्तक उघडे ठेवून द्यायची असल्यामुळे ती सोपी असेल असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पाने चाळण्यातच वेळ निघून जातो. म्हणून माझ्या या क्लासकडून दोन अपेक्षा होत्या. कोडमधील योग्य जागी झटकन पोहोचण्याची सवय त्याने लावावी आणि समोरचा आराखडा वाचायला शिकवावे. पहिली अपेक्षा उत्तम पूर्ण झाली, दुसरी जवळजवळ झालीच नाही.

लोडची, म्हणजे विजेच्या भाराची, आकडेमोड हा या क्लासचा सर्वांत भक्कम भाग आहे. कोडच्या २०२० च्या आवृत्तीतले, भार मोजण्याचे कलम २२० शिकवताना शिक्षक नुसते सूत्र सांगून पुढे जात नाहीत. प्रत्येक आकडा पुस्तकात कुठे आहे ते दाखवतात. २००० चौरस फुटांच्या घराला दर चौरस फुटामागे ३ व्होल्ट-अँपिअर (भार मोजण्याचे एकक) धरले की ६००० होतात. त्यात स्वयंपाकघरातल्या छोट्या उपकरणांच्या दोन (स्मॉल अप्लायन्स) सर्किटांचे ३००० आणि लाँड्री सर्किटचे १५०० मिळवले की बेरीज १०,५०० वर जाते. त्यांपैकी पहिले ३००० पूर्ण धरायचे, उरलेल्या ७५०० चे फक्त ३५ टक्के, म्हणजे २६२५, आणि मग एकूण मागणी ५६२५ व्होल्ट-अँपिअर ठरते. घरातील सारे काही एकाच वेळी चालू नसते, हे या सवलतीमागचे कारण शिक्षक आकडेमोडीच्या आधी सांगतात, त्यामुळे टक्केवारी वेगळी पाठ करावी लागत नाही. मोटरच्या धड्यातही हीच शिस्त दिसते. १० अश्वशक्तीच्या, ४६० व्होल्टच्या थ्री-फेज मोटरसाठी तिच्या अंगावरच्या पाटीवरचा करंट न घेता तक्ता ४३०.२५० मधले १४ अँपिअर घ्यायचे, तारेसाठी त्याचे १२५ टक्के, म्हणजे १७.५ अँपिअर, धरायचे आणि पाटीवरचा आकडा ओव्हरलोड संरक्षणासाठी राखून ठेवायचा, हे इतक्या स्पष्टपणे मला पूर्वी कोणी सांगितले नव्हते.

ग्राउंडिंगच्या (अर्थिंगच्या) धड्याबद्दल तर मी या शिक्षकांचा ऋणी आहे. तक्ता २५०.६६ आणि तक्ता २५०.१२२ यांची गल्लत अनुभवी माणसांकडूनही होते. पहिल्यात जमिनीतल्या ग्राउंडिंग इलेक्ट्रोडकडे जाणाऱ्या तारेचा आकार सर्व्हिसच्या, म्हणजे वीज कंपनीकडून इमारतीत येणाऱ्या, तारेवरून ठरतो, तर दुसऱ्यात उपकरणांच्या ग्राउंडिंग तारेचा आकार ब्रेकरच्या रेटिंगवरून. व्होल्टेज ड्रॉपसाठी, म्हणजे लांब तारेत घटणारे व्होल्टेज सावरण्यासाठी, मुख्य तार जाड केली की ग्राउंडिंगची तारही त्याच प्रमाणात जाड करावी लागते, हे सांगताना त्यांनी २० अँपिअरच्या सर्किटचे उदाहरण घेतले आहे. तिथे १२ नंबरच्या तारेऐवजी ८ नंबरची (नंबर लहान तितकी तार जाड) तांब्याची तार घातली, तर ग्राउंडिंगची तारही ८ नंबरची होते. आराखड्यात ही चूक वारंवार सापडते, कारण मुख्य तार जाड करणारा माणूस तक्त्यातून आलेली ग्राउंडिंगची तार तशीच सोडून देतो.

आता उणिवा. माझी परीक्षा कोडच्या २०२० च्या आवृत्तीवर होती आणि क्लासच्या जाहिरातीतही तीच लिहिली होती. प्रश्नसंचात मात्र तारांच्या करंटक्षमतेचा तक्ता ३१०.१५(बी)(१६) या २०१७ च्या क्रमांकाने येत होता. २०२० मध्ये तो पुन्हा ३१०.१६ झाला आहे. केवळ क्रमांक बदलला असता तर मी ते सोडून दिले असते. पण सर्व्हिसचे सहा डिस्कनेक्ट, म्हणजे वीज तोडणारे मुख्य स्विच, एकाच पॅनेलमध्ये ठेवण्याची जुनी मुभा २०२० च्या आवृत्तीने काढून घेतली, आणि एक व दोन कुटुंबांच्या घरांना बाहेरून सहज हाताशी येणारा आणीबाणीचा डिस्कनेक्ट सक्तीचा केला. क्लासच्या सराव परीक्षेत मात्र सहा डिस्कनेक्ट असलेले एकच पॅनेल बरोबर ठरवले होते. कोड दर तीन वर्षांनी नवा होतो हे ज्यांच्या शिकवण्याचे मूळ आहे, त्यांच्याकडून हे व्हायला नको होते. मी पत्र लिहिल्यावर त्यांनी तो प्रश्न दुरुस्त केला, हेही नोंदवतो.

त्याहून मोठी उणीव अशी की संपूर्ण क्लासमध्ये खऱ्या आकाराची आराखड्याची पाने फक्त तीन आहेत. बाकीचे प्रश्न माहिती आयती हातात देतात. उदाहरणार्थ, ४८०/२७७ व्होल्टची दोन पॅनेले समोरासमोर असताना मध्ये किती जागा हवी, असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी कलम ११०.२६ मधून ४ फूट हे उत्तर काढतो. आराखड्यावर ते असे मांडून येत नाही. व्होल्टेज सिंगल लाइन डायग्रामवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या एकरेषीय आकृतीवर, असते, पॅनेलांची जागा इलेक्ट्रिकल प्लॅनवर, खोलीचे माप वास्तुविशारदाच्या पानावर. ही तिन्ही पाने एकत्र धरली की मगच मध्ये साडेतीनच फूट उरत असल्याचे कळते. पानावर जे लिहिलेलेच नाही ते शोधणे तर याहून कठीण. युटिलिटीकडून (वीज कंपनीकडून) येणारा फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट सर्किटच्या वेळी वाहू शकणारा करंट, डायग्रामवर दिला नसेल, तर ब्रेकरची तोडण्याची क्षमता पुरेशी आहे की नाही हे ठरवताच येत नाही, आणि अशा वेळी तपासनिसाने तो आकडा मागायचा असतो. या सवयीवर क्लासमध्ये एकही धडा नाही.

ज्यांनी पूर्वी निरीक्षक म्हणून काम केले आहे आणि ज्यांना आकडेमोड व तक्ते पक्के करायचे आहेत, त्यांनी हा क्लास जरूर लावावा. नोंदणीपूर्वी आपल्या परीक्षेची आवृत्ती मात्र संस्थेकडून लेखी विचारून घ्यावी. ज्यांनी आराखड्यांचा संच कधी हाताळलेला नाही, त्यांना तो एकटा पुरणार नाही. मी कार्यालयातले मंजूर झालेले जुने संच घेऊन, तपासनिसांचे शेरे झाकून, आधी माझे शेरे लिहीत असे आणि नंतर दोन्ही ताडून पाहत असे. पहिल्या संचात त्यांचे अकरा शेरे होते, मला चार सापडले होते, आणि सुटलेल्या सातांपैकी पाच शेरे पानावर नसलेल्या माहितीबद्दल होते.