स्पॅनिश शिकताना आधी काय घोटायचं: विशेषणं की भूतकाळ?

जहाजावर नोकरी धरणारा रत्नागिरीचा मुलगा असो की तारकर्लीत होमस्टे चालवणारं कुटुंब, हाताशी वेळ थोडाच असतो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा.

विशेषणं आपल्याला सोपी जातात. पांढरा-पांढरी-पांढरं म्हणायची सवय जिभेला आहेच, शिवाय स्पॅनिश नामांना नपुंसकलिंग नाही. 'बार्को ब्लांको' (पांढरं जहाज), 'कासा ब्लांका' (पांढरं घर), अनेकवचनी 'कासास ब्लांकास'. 'ग्रांदे' (मोठा) लिंगाप्रमाणे बदलत नाही, आपल्या 'सुंदर'सारखंच. पण अनेकवचनात त्याचं 'ग्रांदेस' होतं आणि तिथे बरेच जण विसरतात. चुका होतात त्या मराठी लिंग तसंच उचलल्यामुळे. किनारा पुल्लिंगी, 'प्लाया' स्त्रीलिंगी. हात पुल्लिंगी, 'मानो' शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी. म्हणून नाम एकटं पाठ करू नका. 'ला मानो ब्लांका' असं उपपद आणि विशेषणासकट करा. आठवडाभर रोज दहा जोड्या केल्या की पाया पक्का होतो.

भूतकाळात मात्र हीच सवय नडते. 'मच्छीमारांनी काल रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली' यात 'ओढली' रापणीमागे जातं. स्पॅनिशमध्ये 'आयेर तिरारोन दे ला रेद': 'तिरारोन' ओढणाऱ्यांचं, जाळ्याचं लिंग काहीही असो. 'मी गेलो' आणि 'मी गेले' दोन्हींना 'फुई'. विशेषणं नुकती घोटलेला माणूस स्त्रीलिंगी कर्म दिसलं की 'ए कोमीदो'चं (मी खाल्लं आहे) 'ए कोमीदा' करतो. 'ए'नंतर शेवटचा ओ कधीच हलत नाही.

आता भूतकाळातला कोणता? 'पूर्वी रापण ओढायचे', 'ओढत होते' या दोन्हींना इम्पेर्फेक्तो (अपूर्ण भूतकाळ): 'तिराबान'. एकदा घडून संपलेल्या गोष्टीला इंदेफिनीदो (साधा भूतकाळ). 'माहीत होतं' म्हणजे 'साबीया', 'कळलं' म्हणजे 'सुपे'. हा फरक मराठी कानाला लगेच पटतो. इम्पेर्फेक्तोत अनियमित क्रियापदं तीनच: सेर (असणं), ईर (जाणं), वेर (पाहणं). इंदेफिनीदोत ती पुष्कळ (तेनेर म्हणजे जवळ असणं, त्याचं 'तुवे'; आसेर म्हणजे करणं, त्याचं 'ईसे'), वर आघाताचा घोळ: 'आब्लो'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. हे मोठ्याने म्हटल्याशिवाय बसत नाही.

तरीही जहाजावर जाणाऱ्याने विशेषणांनंतर इंदेफिनीदोच धरावा. काय बिघडलं, कोण आलं, किती वाजता, हे सगळं त्यातच सांगायचं असतं, आणि लॅटिन अमेरिकेचे सहकारी बहुतेक ठिकाणी आज सकाळच्या गोष्टीलाही तोच वापरतात. होमस्टेवाल्यांनी आधी इम्पेर्फेक्तो घ्यावा, कारण पाहुणे गावात पूर्वी काय चालायचं हेच विचारतात. पाहुणे स्पेनचे असतील तर आज पाहिलेल्या किल्ल्याबद्दल ते 'एमोस विस्तो' (आम्ही पाहिलं आहे) म्हणतील. ते बोलता आलं नाही तरी चालेल, ऐकून समजलं पाहिजे.