एका सेलची टॉर्च दोन सेलची करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध

आमच्याकडे शेतीची लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री गव्हाला दारं धरायची तर हातात चांगली बॅटरी लागतेच. बांधावर नाग-घोणस कधी आडवी येईल, नेम नाही.

माझी टॉर्च एका १८६५० सेलवर (चार्ज होणारा जाड ली-आयन सेल) चालायची, एलईडी ६ व्होल्टचा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो, उतरला की ३ च्या आसपास. म्हणून तिच्यात व्होल्टेज वाढवणारा बूस्ट ड्रायव्हर, म्हणजे सेल आणि एलईडीच्या मधलं छोटं सर्किट, होता. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने सांगितलं, "भाऊ, मागं नळी जोडा, दोन सेल टाका, उजेड डबल." मी विचारलं, जळणार नाही ना? "तुमचा ड्रायव्हर दोन्हीला चालतो, गॅरंटी माझी." नळीचे ४५० रुपये दिले.

त्याच रात्री शेतात टॉर्च लावली. आधी लख्ख, मग निळसर उजेड, मग जळका वास आणि अंधार. मोबाईलच्या उजेडात पाय चाचपत मोटारीपर्यंत आलो. ती वाट मी विसरणार नाही.

दुकानदार म्हणाला, पाणी गेलं असेल. गॅरंटीचं नावच नाही. वर ६०० रुपये घेऊन "आता बकवाला टाकतो, दोन सेलचा" म्हणत ३ व्होल्टचा नवा एलईडी आणि ड्रायव्हर बसवून दिला. बक म्हणजे व्होल्टेज कमी करणारा ड्रायव्हर. ही टॉर्च पाऊण तासात हातात धरवेना, आणि सेल उतरेल तसा उजेडही मंदावत गेला.

आयटीआयला असलेल्या भाच्याने ती उघडली. म्हणाला, "मामा, यात कॉइलच, म्हणजे तारेचं वेटोळंच, नाही. बक असता तर कॉइल असती. हा नुसता रेझिस्टर आहे, करंट अडवून तापणारा." दोन भरलेल्या सेलच्या ८.४ व्होल्टमधले ३ एलईडीला, बाकीचे ५ च्या वर नुसते रेझिस्टर तापवण्यात जात होते. आधीचा एलईडी का जळला तेही त्यानेच समजावलं. बूस्ट फक्त वाढवतो, कमी करू शकत नाही. सेलपासून एलईडीपर्यंत कॉइल आणि डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सरळ वाट असते. सेलचं व्होल्टेज एलईडीपेक्षा जास्त झालं की करंट त्या वाटेने थेट जातो, तो अडवायला ड्रायव्हरकडे काहीच नसतं.

दुकानात गेलात की आधी एलईडी किती व्होल्टचा ते विचारा, मग सेल मोजा. पेन्सिल सेल एकच असेल तर १.२ ते १.५ व्होल्टवर पांढरा एलईडी पेटत नाही, तिथे बूस्टच हवा. दोन ली-आयन सेल एकापुढे एक आणि एलईडी ३ व्होल्टचा, तर बक. ड्रायव्हर बसवायच्या आधी हातात घेऊन त्यावरची कॉइल बघा. आणि ड्रायव्हर कोणता, किती व्होल्टपर्यंतचा, हे पक्क्या बिलावर लिहून घ्या. माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता, म्हणून १,०५० रुपये गेले तरी तक्रार करता आली नाही.