पॅन्टोप्राझोल रोज चालू ठेवायची, की फॅमोटिडिनवर यायचं?

फोंड्याला बाबांची औषधांची पिशवी आवरताना जुनी चिठ्ठी सापडली. पित्तावरची, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारी, पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम आठ आठवड्यांसाठी लिहून दिली होती. बाबा ती सहा वर्षं घेत होते. तुमच्याही घरी असं असेल, तर आधी ती चिठ्ठी शोधा. गोळी कशासाठी सुरू झाली, यावरच पुढचं सगळं ठरतं.

पॅन्टोप्राझोल जठरातला आम्ल सोडणारा पंपच बंद पाडते, म्हणून ती जोरकस. फॅमोटिडिनही आम्ल कमी करते; तिचा जोर कमी, पण गुण लवकर येतो. रात्रीच्या जळजळीला ती बरी. रोज घेतली तर मात्र एक-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावतं, म्हणून ती अधूनमधून घेण्याचीच गोळी. मूत्रपिंड अशक्त असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो.

जठरावरचे दुष्परिणाम पाहिले तर पॅन्टोप्राझोलचे जास्त. आम्ल घटलं की गॅस्ट्रिन (आम्ल सोडायला लावणारं संप्रेरक) वाढतं, आणि गोळी एकदम थांबवली की आम्ल उसळून येतं. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० निरोगी माणसांवर अभ्यास झाला. आठ आठवडे याच जातीची गोळी घेऊन थांबवल्यावर ४४ टक्के लोकांना त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत १५ टक्क्यांना. ज्यांना आधी पित्त नव्हतंच, त्यांना! म्हणून ‘सोडली की जळजळतं’ एवढ्यावरून आजार बाकी आहे असं धरू नका. डोस हळूहळू उतरवा, मधल्या दिवसांत फॅमोटिडिन उपयोगी पडते.

जठरात बारीक गाठीही येतात, त्या बहुधा निरुपद्रवी. हेलिकोबॅक्टर जंतू असेल तर मात्र सूज जठराच्या वरच्या भागात सरकते, तेव्हा तपासणी करून घ्याच. या जंतूसाठीच्या श्वासाच्या तपासणीआधी पॅन्टोप्राझोल दोन आठवडे बंद लागते.

‘रोज नुस्तं (मासे) खातो, मला बी-१२ कशाला कमी पडेल?’ असं बाबा म्हणायचे. पण माशातलं बी-१२ सुटं व्हायलाही आम्लच लागतं. दोन वर्षांहून जास्त गोळी चालू असेल, त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिनही असेल, तर रक्त तपासा.

अल्सरमधून रक्तस्राव झालेला, अन्ननलिकेला जबर सूज किंवा बॅरेटचा बदल (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल) असलेला, अशा माणसाने पॅन्टोप्राझोल मनाने सोडू नये. त्याच्यासाठी वरचे धोके फार लहान आहेत.

पाकिटावर गोळीच्या नावापुढे ‘डी’ आहे का, तेही पाहा. त्यात डोम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषध असतं, आणि ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. वर्षानुवर्षं घेण्याचं ते औषध नव्हे.